जनावरांस भूल देण्यापूर्वी व दिल्यानंतर

सावित्रीच्या खोऱ्यातील सपाट खाचरांतून आता यांत्रिक नांगर फिरू लागले आहेत. तथापि महाड व पोलादपूर तालुक्यांच्या वलाटीत, डोंगरउतारावरील चिंचोळ्या दळ्यांवर, नांगरणीचे व चिखलणीचे काम अजूनही पुष्कळ ठिकाणी बैलजोडीच करते. अशा घरी ऐन वैशाखात बैल मान एका बाजूस कलती धरू लागला, डोके झटकू लागला, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येऊ लागला व शिंग मुळाशी हलू लागले, म्हणजे शिंगाच्या कर्करोगाची शंका येते. हे शिंग मुळापासून काढण्यावाचून गत्यंतर नसते. शस्त्रक्रियेचे नाव निघाले की घरच्या मंडळींस भीती वाटते ती चाकूची. वस्तुतः जनावराच्या शस्त्रक्रियेत चाकूइतकीच जोखीम भुलेची असते आणि त्या जोखमीचा मोठा भाग पशुवैद्य गोठ्यात पोहोचण्यापूर्वीच ठरून गेलेला असतो. जनावर काल संध्याकाळी काय खाऊन उभे आहे, त्याचे वजन किती, ते गाभण आहे की काय, त्यास कोणती औषधे अगोदर टोचली आहेत, या चार गोष्टी धन्यालाच ठाऊक असतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी याच गोष्टी शेतकऱ्यांस नीट समजावून सांगितल्या पाहिजेत.

गायबैलास गुंगी आणणे अवघड नाही. ते गुंगीत असता त्याचा श्वास सुरळीत ठेवणे अवघड आहे, आणि याचे कारण त्याच्या पोटाच्या रचनेत आहे. रवंथ करणाऱ्या जनावराचे कोठीपोट म्हणजे आंबवणाचे एक भले मोठे पिंपच होय. त्यात खाल्लेला पेंढा व हिरवा चारा सूक्ष्म जंतूंच्या साहाय्याने अहोरात्र आंबत असतो व त्यातून सतत वायू निघतो. मोठ्या गायीच्या पोटात चारा खाल्ल्यानंतर तासाला ३० ते ५० लिटर वायू तयार होतो. जागे जनावर तो ढेकरांवाटे बाहेर टाकते. ढेकर देणे ही साधी गोष्ट दिसते. पण तीसाठी कोठीपोटाची हालचाल आणि अन्ननलिकेच्या तोंडाचे उघडणे ही दोन्ही वेळेवर व्हावी लागतात. भूल चढली की दोन्ही थांबतात. आंबणे मात्र थांबत नाही. वायू आत कोंडतो, पोट फुगते, छाती व पोट यांमधील पडदा पुढे रेटला जातो आणि फुप्फुसास पसरण्यास जागा राहत नाही. जनावर कुशीवर पडलेले असेल तर पोटाचा सगळा भार त्यात मिळतो.

दुसरा धोका याहून चोरटा आहे. गुंगीत अन्ननलिकेचे स्नायू सैल पडतात आणि कोठीपोटातील पातळ रवंथ आपोआप घशात चढून येतो. जागेपणी तो गिळला जातो. गुंगीत तो श्वासनलिकेत उतरतो. लाळेचेही तसेच आहे. मोठी गाय दिवसाला १०० लिटरहून अधिक लाळ गाळते व गिळते. भुलेत ती गाळणे चालू राहते, गिळणे बंद पडते. रवंथ किंवा लाळ फुप्फुसात शिरली तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही जनावर दोनचार दिवसांनी न्यूमोनियाने जाते. मग गावात बोलले जाते की, टाके चांगले पडले होते, पण बैलाला इंजेक्शन बाधले. दोष इंजेक्शनाचा नसून आदल्या रात्री दावणीत टाकलेल्या पेंढ्याचा असू शकतो, हे कोणाच्या ध्यानी येत नाही.

या प्रश्नांचा अभ्यास करणारी एक स्वतंत्र शाखाच पशुवैद्यकात निर्माण झाली आहे. माणसांसाठी ईथरचा उपयोग अमेरिकेत बोस्टन येथे १८४६ साली जाहीरपणे करून दाखविण्यात आला. १८४७ साली लंडनमध्ये एडवर्ड मेह्यू या पशुवैद्याने जनावरांवर ईथरचे प्रयोग केले. त्याच वर्षी एडिंबरो येथे सिंप्सन यांनी क्लोरोफॉर्म उपयोगात आणले. क्लोरोफॉर्मने मृत्यू कसा येतो, या वादाचा निकाल लावण्यासाठी निजामाच्या हैदराबादेत १८८८ व १८८९ साली दोन चौकशी मंडळे बसली व त्यांनी आपले प्रयोग जनावरांवरच केले. मुंबईत परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते त्यापूर्वी थोडेच, म्हणजे १८८६ साली. पुढे कितीएक वर्षे मोठ्या जनावरांस गुंगी आणण्यासाठी क्लोरल हायड्रेट वापरले जाई. आज सर्रास वापरात असलेले झायलाझिन जर्मनीत १९६२ साली तयार झाले. भुलेचे काम करणाऱ्या पशुवैद्यांची संघटना ब्रिटनमध्ये १९६४ साली स्थापन झाली आणि या विषयाच्या तज्ज्ञांची पहिली जागतिक परिषद १९८२ साली केंब्रिज येथे भरली. तेव्हापासून ही परिषद काही वर्षांच्या अंतराने निरनिराळ्या देशांत भरते. २०१५ साली ती जपानमधील क्योतो येथे, २०१८ साली इटलीतील व्हेनिस येथे व २०२३ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे भरली.

असल्या परिषदांतील विद्या डोंगराळ तालुक्याच्या काय कामाची, असा प्रश्न सहजच पडेल. कुत्रा, मांजर व घोडा यांचा वाटा तेथे मोठा असतो, हे खरे आहे. परंतु या मंडळींनी एक गोष्ट शिस्तीने केली. भुलेत व भुलेनंतर किती जनावरे दगावतात, याची त्यांनी मोजदाद ठेवली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पाहणीत, पोटशूळासाठी आणलेले घोडे वगळता, पूर्ण भूल दिलेल्या शंभर घोड्यांमागे सुमारे एक घोडा दगावल्याचे आढळले. २००८ साली ब्रिटनमधील कुत्र्यांच्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ६०० मागे १ आढळले. मोजदाद झाली म्हणजे मृत्यू नेमका कोणत्या वेळी येतो तेही कळते. कुत्र्यामांजरांतील मृत्यूंचा मोठा वाटा शस्त्रक्रिया चालू असता नव्हे, तर ती संपल्यावर पहिल्या काही तासांत येतो. पशुवैद्य सामान आवरून पुढल्या गावी निघतो आणि जनावर धन्याच्या हाती राहते, तीच ही वेळ. हा धडा केंब्रिजइतकाच कापड्यास किंवा बिरवाडीस लागू आहे.

गुरांच्या बाबतीत तज्ज्ञांचा कल स्पष्ट आहे. शक्य तेथे जनावर उभे ठेवून, जागेपणीच, फक्त कापावयाचा भाग बधिर करून शस्त्रक्रिया करावी. गाय अडली असता भकाळीतून वासरू काढणे, तार किंवा खिळा गिळलेल्या म्हशीचे कोठीपोट उघडणे, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गोळा काढणे, ही कामे उभ्या जनावरावर होतात. भकाळीकडे जाणाऱ्या मज्जातंतूंजवळ लिग्नोकेन हे औषध टोचले की काही मिनिटांत तो भाग बधिर होतो व तासाभराहून अधिक काळ तसाच राहतो. जनावर उभे असते, ढेकर देते, प्रसंगी रवंथही करते. शिंगासाठी डोळा व शिंग यांमधील हाडाच्या कडेखाली टोचतात, सडासाठी सडाभोवती. मायांग बाहेर आले असता शेपटीच्या बुडाशी, पहिल्या दोन मणक्यांच्या फटीत टोचतात. शेपटी बोअरिंगच्या हापशाप्रमाणे वरखाली केली म्हणजे ही फट बोटाला लागते. तेथे औषध पडले की शेपटी लुळी पडते, गाय जोर करण्याचे थांबते आणि मायांग आत बसविणे सुकर होते. ही युक्ती १९२६ सालापासून गायींत रूढ झाली. “जनावर डोळे उघडे ठेवून उभे आहे, म्हणजे डॉक्टरांनी भूल दिलीच नाही,” असा गैरसमज कित्येकदा होतो व त्यावरून तक्रारीही होतात. कार्यकर्त्याने तो आधीच दूर करावा.

बधिर करण्याचे औषधही मर्यादेतच सोसते. शेळी लहान असल्यामुळे गायीसाठी भरलेली सिरिंज तिच्यावर रिकामी केली तर तिला झटके येऊन ती दगावू शकते. म्हणून शेळीसाठी औषध पातळ करून मोजून वापरतात.

झायलाझिनच्या बाबतीत तर अधिकच सावधगिरी हवी. घोड्यास जेवढी मात्रा लागते तिच्या साधारण एकदशांश मात्रेत गाय खाली बसते. माथेरानच्या घोड्यास दिलेले इंजेक्शन पाहून आलेल्या एखाद्याने तोच अंदाज बैलास लावला तर काय होईल, ते सांगणे नको. शिवाय हे औषध कोठीपोटाची हालचाल मंदावते, म्हणजे वर सांगितलेला वायूचा धोका वाढविते. आणि गाभण गायीस शेवटच्या महिन्यांत गर्भाशयाच्या कळा आणू शकते. गुंगीचे औषध देण्याचा अधिकार पशुवैद्याचा आहे. गावात औषधांची पिशवी घेऊन फिरणाऱ्या माणसाकडून ते टोचून घेऊ नये, मग बैल कितीही मारका असो.

मात्रा ठरते वजनावरून, आणि गोठ्यात वजनकाटा नसतो. या भागातील गुरे लहान चणीची आहेत. कोकण कपिला या नावाने २०१८ साली ज्या जातीची राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली, तिची गुरे घाटावरील खिलारापुढे बरीच हलकी भरतात. त्यामुळे डोळ्यांनी केलेला अंदाज बहुधा जास्तीचा निघतो. साध्या शिंप्याच्या फितीने काम भागते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. घेरास घेराने गुणावे, आलेल्या आकड्यास लांबीने गुणावे व १०,८४० ने भागावे; उत्तर किलोग्रॅममध्ये येते. समजा घेर १४० व लांबी ११५ सेंटिमीटर भरली. १४० गुणिले १४० म्हणजे १९,६००. त्यास ११५ ने गुणले की २२,५४,०००. भागाकार सुमारे २०८ किलो. हाच बैल कोणी नजरेने ३०० किलोचा ठरविला, तर त्यास जवळजवळ दीडपट औषध जाईल. मोजताना जनावर सपाट जागी चारी पायांवर सरळ उभे असावे आणि फीत ओढून धरू नये. आदल्या दिवशी हे आकडे चिठ्ठीवर लिहून ठेवले तर पशुवैद्याचा वेळही वाचतो.

आता उपासाविषयी. शस्त्रक्रिया ठरलेली असेल, म्हणजे तातडीची नसेल, तर मोठ्या गुरांस १८ ते २४ तास चारा देऊ नये आणि शेवटचे सुमारे १२ तास पाणीही बंद करावे. शेळीमेंढीस चारा १२ ते १८ तास व पाणी ८ ते १२ तास बंद ठेवल्यास पुरते. दुधावरील वासरू किंवा करडू मात्र असे उपाशी ठेवू नये. त्याचे कोठीपोट अजून कामास लागलेले नसते व उपासाने ते अशक्त होते. त्याची वेळ पशुवैद्यास विचारून घ्यावी. उपासाने कोठीपोट रिकामे होत नाही, कारण चारा त्यात कित्येक तास राहतो. पण आंबणे मंदावते, वायू कमी होतो व पोटाचा भार घटतो. तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

हा नियम कागदावर सोपा आणि गोठ्यात अवघड आहे. घरातील एकाने चारा बंद केला, तरी दुसरा कोणी कणव येऊन मूठभर कोंडा घालतो. “उद्या बिचाऱ्याला कापणार,” म्हणून घरची वृद्ध बाई रात्री पेजेचे भांडे पुढे करते. दावणीत काही पडलेले नसले तरी बैल अंथरलेला पेंढा खातो, शेजारच्या गुरापुढील चारा ओढतो. म्हणून जनावर वेगळे बांधावे, खालचा पेंढा काढून टाकावा व तोंडास मुसके घालावे. इतके करूनही चारा खाल्ला गेला असेल तर ते लपवू नये. पशुवैद्य कदाचित शस्त्रक्रिया एक दिवस पुढे ढकलील. त्यात लाजण्यासारखे काही नाही. गाय अडली असेल, पोट फुगले असेल किंवा दरडीखाली सापडून पाय चिरला असेल, तर उपासाची वाट पाहता येत नाही. अशा वेळी जनावर शेवटचे केव्हा व काय खाल्ले एवढे सांगितले तरी पुरे.

जनावर पाडावे लागणार असेल तर जागेची निवड महत्त्वाची आहे. या भागात अंगणातच दोऱ्याने बैल पाडण्याची सवय आहे, आणि अंगण म्हणजे बहुधा चोपलेली जमीन किंवा जांभा चिरा. एवढ्या वजनाचे जनावर अर्धा तास कठीण जमिनीवर एका कुशीवर राहिले तर खालच्या पुढच्या पायाचा मज्जातंतू दबतो व उठल्यावर तो पाय लुळा पडतो. हातभर जाडीचा पेंढा अंथरून त्यावर गोणपाटे घालावीत आणि खालचा पुढचा पाय थोडा पुढे ओढून ठेवावा. म्होरकीची गाठ किंवा कडी गालाखाली येऊ देऊ नये. मानेखाली पेंढ्याची उशी अशी द्यावी की घसा उंच व तोंड खालच्या बाजूस उतरते राहील; त्यायोगे लाळ व वर आलेला रवंथ बाहेर वाहून जातो. जीभ बाहेर काढून ठेवावी. डोळ्यात पेंढ्याची कुसळे जाऊ नयेत म्हणून ओले फडके धरावे. वेळ शक्यतो सकाळची असावी, कारण गुंगीत शरीराचे तापमान सांभाळण्याची शक्ती मंदावते. वैशाखाच्या दुपारी जनावर तापते व श्रावणसरींत भिजलेली शेळी गारठते.

शस्त्रक्रिया आटोपली की एका माणसाने जनावराजवळ बसून राहावे, दुसरे काम करू नये. जनावरास कुशीवर पडू न देता छातीवर बसते करावे व दोन्ही बाजूंस पेंढ्याचे भारे लावून टेकू द्यावा. या बैठकीत ढेकर सुटते. डावी भकाळी फुगून ढोलासारखी वाजू लागली, श्वास घरघरू लागला किंवा जीभ व हिरड्या निळसर दिसू लागल्या तर लगेच पशुवैद्यास कळवावे. पाणी किंवा पेज ओतून पाजू नये. हाच सर्वांत घातक उपचार होय, व तो बहुधा मायेपोटी केला जातो. जनावर आपल्या पायांवर स्थिर उभे राहून स्वतः तोंड घालील तेव्हाच थोडे पाणी ठेवावे, आणि त्यानंतर काही वेळाने हिरवा चारा मुठीने. उठण्यासाठी शेपटी पिळू नये. विहीर, बांध व उतार यांपासून ते दूर असावे.

वेदना केवळ शस्त्रक्रियेपुरती नसते. जनावर बोलत नाही म्हणून ते सोसते असे मानण्याची रीत जुनी आहे. ब्राझीलमधील बोतुकातु येथील संशोधकांनी २०१४ साली गुरांच्या वेदनेची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात यंत्र लागत नाही, पाहणे लागते. जनावर पाठ कमानीसारखी करते काय, जखमेकडे वळून चाटते काय, चाऱ्याकडे बघते काय, कळपातील इतरांपासून दूर उभे राहते काय, हे पाहून गुण दिले जातात. गुरे रोज डोळ्यांसमोर असलेल्या शेतकऱ्यास ही चिन्हे नवी नाहीत. ती पशुवैद्यास सांगण्यासारखी आहेत, एवढेच त्यास ठाऊक नसते. खच्चीकरणासही हे लागू आहे. चिमट्याने खच्ची करणे म्हणजे रक्त नाही, म्हणजे दुःख नाही, हा समज चुकीचा आहे. बधिर करून व वेदनाशामक देऊन ते काम करण्यास चार मिनिटे अधिक लागतात, आणि वासरू दुसऱ्या दिवशी चरू लागते.

वेदनाशामक निवडताना मेलॉक्सिकॅम मागावे. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुराचे मढे खाऊन गिधाडे मरतात, हे सिद्ध झाल्यावर २००६ साली भारतात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. २०२३ साली केटोप्रोफेन व अॅसिक्लोफेनॅक यांवरही आली. याच जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगाव येथे गिधाडांची वसाहत राखली गेली आहे, तेव्हा ही बाब दूरची नाही. असाध्य जनावरास भुलेच्या जादा मात्रेने मरण दिले असेल तर ते मढे उघड्यावर टाकू नये, खोल पुरावे. ते औषध मढ्यात टिकून राहते व ते खाणाऱ्या कुत्र्याकोल्ह्यांसही मारते.

तालुक्याच्या दवाखान्यात न होणारी शस्त्रक्रिया असेल तर दोन वाटा आहेत. एक महामार्गाने मुंबईस परळच्या महाविद्यालयाकडे, व दुसरी वरंधा घाटाने भोरमार्गे शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे. घाटाचा रस्ता पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद ठेवावा लागतो. म्हणून शिंग, अंतर्गळ, गाठी अशा ज्या शस्त्रक्रिया पुढे ढकलता येत असूनही टाळता येणार नाहीत, त्या मृगापूर्वी उरकाव्यात. टाके निघून, जखम भरून, बैलाच्या मानेवर जू येईपर्यंत काही आठवडे हाती हवेत. टेंपोतून नेताना जनावर उपाशी असले तरी गुंगीत नसावे. घाटाच्या वळणावर तोल सावरण्याइतकी शुद्ध त्यास हवी. परतीच्या वाटेसही तोच नियम आहे. गुंगी पूर्ण उतरेपर्यंत दवाखान्याच्या आवारातच थांबावे, मग मुक्काम पडला तरी चालेल. तातडीच्या प्रसंगी १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकास कळविता येते. कळविताना वाडीचे नाव, गाडी कोठपर्यंत येते, जनावराचे मोजलेले वजन, किती महिन्यांचे गाभण, शेवटचा चारा केव्हा व आधी कोणती इंजेक्शने झाली, एवढे सांगावे. औषधाच्या रिकाम्या बाटल्या फेकून न देता पशुवैद्यास दाखविण्यासाठी जपून ठेवाव्यात, आणि दुभत्या जनावराचे दूध डेअरीत पुन्हा केव्हापासून घालावे, ते पशुवैद्य निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.